आकड्यामागची रीत

महाराष्ट्रात कळंब नावाचे दोन तालुके आहेत. एक धाराशिव जिल्ह्यात, दुसरा यवतमाळ जिल्ह्यात, चिंतामणीच्या देवळाचा. माणसांचा यात गोंधळ होत नाही. बोलण्याच्या ओघात कोणतं कळंब ते कळतंच. संगणकाला ते कळत नाही. पावसाचा तक्ता एका खात्याकडून घेतला, पिकांचा दुसऱ्या खात्याकडून, आणि दोन्ही तक्ते नुसत्या तालुक्याच्या नावावरून जोडले, की मराठवाड्यातला पाऊस वऱ्हाडातल्या पऱ्हाटीवर पडतो. काम कुठेही अडत नाही. सरासरी निघते, आलेख निघतो, निष्कर्षही निघतो. कर्जत रायगडात आहे तसं अहिल्यानगरात आहे, मालेगाव नाशिकमध्ये आहे तसं वाशीममध्ये आहे, आष्टी बीडमध्ये आहे तशी वर्ध्यात आहे. त्यात २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या नोंदी आता दोन नावांखाली सापडतात. यावर उपाय सोपा आहे: जोडणी नावावरून करायची नाही, सरकारनं प्रत्येक गावाला आणि तालुक्याला दिलेल्या संकेतांकावरून करायची. पण ती तशी केली की नाही, हे शेवटच्या आकड्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी समजत नाही. त्यासाठी आकड्यापर्यंतची वाट पाहावी लागते.

शेती आणि संख्याशास्त्र यांच्या सीमेवर काम करताना यवतमाळच्या या कळंब तालुक्यात माझं रोजचं बोलणं मुख्यतः दोन प्रकारच्या माणसांशी होतं. एक, कृषी पदवीची मुलं, जी ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकत असतात. त्यांचा एकमेकांना पहिला प्रश्न असतो, “तक्ते कशावरून जोडले?” दुसरे, कास्तकार. त्यांचा प्रश्न असतो, “हा आकडा कुठून काढून राहिले तुम्ही?” बरेच दिवस हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं धरून बोलणं चालतं: एक तांत्रिक, दुसरा तक्रारीचा. माझं म्हणणं असं आहे की हा एकच प्रश्न आहे, आणि खुलं विज्ञान म्हणून जगभर ज्याची चर्चा चालते त्याचा गाभा तोच आहे. आकडा जाहीर करणं म्हणजे विज्ञान खुलं करणं नव्हे. ज्याच्या वावरातून तो आकडा निघाला, त्याला त्याची रीत तपासता आली पाहिजे.

हे कळंबमध्ये का महत्त्वाचं आहे ते पीक विम्यावरून दिसतं. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना लागू झाली. तिच्यात नुकसानभरपाईचा कणा म्हणजे पीक कापणी प्रयोग. महाराष्ट्रानं २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पुन्हा या प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर आणून ठेवली, त्यामुळे या प्रयोगाचं वजन आणखी वाढलं आहे. प्रयोग असा होतो: गावातले भूमापन क्रमांक घेऊन त्यांतून यदृच्छ पद्धतीनं, म्हणजे कुणाच्याही मर्जीविना, शेत निवडायचं. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं. पुन्हा यदृच्छ अंकांनी जेवढी पावलं येतील तेवढी लांबीकडे आणि रुंदीकडे चालायची. तिथे खुंटी ठोकून बहुतेक पिकांसाठी १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असा चौकोन दोरीनं आखायचा. त्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. कपाशीच्या बाबतीत काम एका दिवसात संपत नाही. जेवढ्या वेचण्या तेवढ्या वेळा त्याच चौकोनातला कापूस वेगळा तोलावा लागतो. सरकारी कर्मचारी असतो, विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो, शेतकरी असतो, आणि मोबाइलमध्ये स्थानासह छायाचित्र जातं.

पन्नास चौरस मीटरचं वजन दोनशेनं गुणलं की हेक्टरी उत्पादन येतं. महसूल मंडळ हा विम्याचा घटक असेल तर एका मुख्य पिकासाठी किमान १० प्रयोग व्हायला हवेत, आणि हिशेब फक्त प्रयोगांवर असेल तर त्या दहांची सरासरी म्हणजे त्या मंडळातल्या सगळ्यांचं उत्पादन. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घेऊन त्यांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तरानं, म्हणजे सरासरीचा जेवढा हिस्सा विम्यानं हमीचा धरला त्या प्रमाणानं, गुणायचं, की उंबरठा उत्पादन मिळतं. यंदाचं उत्पादन उंबरठ्याखाली गेलं तर जेवढा खड्डा पडला त्या प्रमाणात भरपाई.

आता समजा, सोयाबीनच्या दहा चौकोनांपैकी प्रत्येकात ५ किलो दाणे आले. हेक्टरी १० क्विंटल. उंबरठा १३ क्विंटलचा असेल तर तूट ३ क्विंटल, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या साधारण २३ टक्के भरपाई. समजा, एका नोंदीत दशांश चिन्ह सरकलं आणि ५ चे ५० झाले. नऊ ठिकाणी १० क्विंटल, एका ठिकाणी १००. सरासरी १९ क्विंटल. भरपाई शून्य. १९ क्विंटल हा आकडा दिसायला वावगा नाही. चांगल्या वर्षी चांगल्या जमिनीत तेवढं होतं. कार्यालयात बसलेल्या कुणाला त्यात काही खटकणार नाही. पण दहा ओळी समोर ठेवल्या तर हेक्टरी शंभर क्विंटल सोयाबीन पाहून चौथी शिकलेला कास्तकारही बोट ठेवील.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हा आहे. सरासरी जाहीर होते तेव्हा चूक तिच्या पोटात जाते. मूळ ओळी जाहीर होतात तेव्हा ती उघडी पडते, आणि ती ओळखायला लागणारं ज्ञान विद्यापीठात नाही, गावात आहे. विज्ञानात निबंध छापण्यापूर्वी त्या विषयातल्या जाणकारांकडून तो तपासून घेतात. सोयाबीनच्या त्या दहा ओळींचे जाणकार म्हणजे त्या मंडळातले शेतकरी. त्यांना आपण ‘लाभार्थी’ म्हणून यादीत बसवलं आणि परीक्षकाच्या खुर्चीतून उठवलं.

ही खुर्ची काही परदेशातून आणायची नाही. १९४० च्या दशकात आपल्याच शेतांत हा वाद झडलेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे लंडनहून संख्याशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आले आणि कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. त्याच काळात विनायक गोविंद पानसे आणि कळमकर यांनी वऱ्हाडातल्या कापसावर नमुना पद्धतीनं उत्पादन मोजण्याचं काम केलं. तिकडे बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस छोट्या छोट्या तुकड्यांची कापणी करून अंदाज बांधत होते. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला तर उत्पादन फुगून येतं. कारण साधं आहे. सीमेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. आणि तुकडा जितका लहान, तितका एकूण पिकात सीमेवरच्या रोपांचा वाटा मोठा. वाद कडाक्याचा झाला, पण छापील तक्त्यांवर झाला. दोघांनी कशी मोजणी केली हे वाचणाऱ्याला दिसत होतं, म्हणून वाद व्यक्तींवरून पद्धतीवर आला. पानसे आणि सुखात्मे यांचं शेतीसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर वाढल्या. आज कळंबच्या वावरात दोरीनं जो चौकोन आखला जातो, त्याच्या आकारामागे ती भांडणं आहेत.

त्या काळी रीत कागदावर दाखवता येत असे. आज हिशेब संगणकात होतो, आणि इथेच ‘आर’सारख्या भाषेचं महत्त्व आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली आणि १९९५ मध्ये सर्वांना मोफत वापरता, वाचता आणि बदलता येईल अशा परवान्याखाली खुली केली. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालते, एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालते. या गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी लहान नाहीत. पण तिचा खरा गुण वेगळा आहे. एक्सेलमध्ये आपण कुठे टिचकी मारली, कोणती ओळ पुसली, सूत्र कुठपर्यंत ओढलं याचा माग राहत नाही. ‘आर’मध्ये प्रत्येक पायरी लिहावी लागते: ही फाइल उघड, संकेतांकावरून जोड, रिकाम्या नोंदी अशा हाताळ, सरासरी काढ. शाळेत गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर असलं तरी रीत न दाखवणाऱ्याचे गुण कापतात, त्याच न्यायानं ही पायऱ्यांची फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, ही दाखवलेली रीत आहे. ती दुसऱ्याच्या हाती दिली की तो तोच आकडा पुन्हा काढून पाहू शकतो.

रीत न दाखवल्याची किंमत मोठमोठ्यांना मोजावी लागली आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या निबंधात निष्कर्ष होता की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकास खुंटतो. युरोपात सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यानं लेखकांकडून त्यांची एक्सेल फाइल मागवली. सूत्र खालपर्यंत ओढलंच नव्हतं. पाच देश हिशेबातून गळले होते. ती चूक, काही नोंदींची वगळणूक आणि वजनांची वादग्रस्त निवड दुरुस्त केल्यावर ९० टक्क्यांवरच्या देशांचा उणे ०.१ टक्क्याचा विकासदर २.२ टक्के निघाला. लेखकांनी फाइल दिली हे त्यांच्या श्रेयाचंच. पण चूक उघड व्हायला तीन वर्षं लागली.

आपल्याकडच्या अडचणी याहून मुळातल्या आहेत. सरकारी तक्ते पीडीएफमध्ये येतात, कधी स्कॅन केलेले, कधी जुन्या मराठी फाँटमध्ये, जे उघडलं की अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. विंडोजवर ‘आर’ला देवनागरी नीट हाताळता यायला २०२२ उजाडलं, त्याआधी ‘कळंब’ लिहिलं तरी पडद्यावर बऱ्याचदा सांकेतिक आकडे उमटत. एखाद्या नोंदीत ‘कळंब’नंतर चुकून एक मोकळी जागा राहिली की संगणकासाठी तो तिसरा कळंब होतो. आणि ज्या संशोधनातून शिकायचं ते वर्गणीच्या कुलपात. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना हजारो नियतकालिकं उघडली, हे स्वागतार्हच आहे. पण कापसावर काम करणारी गावातली छोटी संस्था किंवा पदवी घेऊन शेतीत परतलेला तरुण त्या दाराबाहेरच आहे.

या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींना उत्तर देणं भाग आहे. पहिला, शेतकऱ्याला संगणकाची भाषा कळणार नाही. सगळ्यांना कळायची गरजच नाही. दहा ओळी प्रत्येकाला वाचता येतात, आणि त्यापुढची स्क्रिप्ट वाचणारा एखादा पदवीधर आता जवळपास गावोगाव आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून खेड्यांत राहायला येतातच. मातीपरीक्षण आणि बीजप्रक्रिया यांच्या प्रात्यक्षिकाबरोबर त्यांनी मंडळाचा विम्याचा हिशेब गावासमोर पुन्हा करून दाखवला, तर त्यांचंही शिक्षण पक्कं होईल.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो खरा आहे. शेतकऱ्याचं नाव, आधार क्रमांक, बँक खातं, कर्ज यांतलं काहीही उघडं पडता कामा नये. आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या नोंदी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशा शेऱ्यांसह हाताळणाऱ्या जिल्ह्यात ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. पण त्याच नोंदींबाबत पात्रता कोणत्या निकषांवर ठरली, किती प्रकरणं कोणत्या कारणानं नाकारली, हे नावांशिवाय सांगता येतं. २०१४ पासून राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानं शेतकरी आणि शेतमजूर यांच्या आत्महत्या वेगळ्या दाखवायला सुरुवात केली. ही वर्गवारी ज्याला ठाऊक नाही, तो त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करून खुशाल काहीही सिद्ध करील. माणूस झाकायचा आणि रीत उघडी ठेवायची, हा नियम पाळणं अवघड नाही. आज बऱ्याचदा याच्या उलट घडतं: लाभार्थ्यांच्या नावांची यादी भिंतीवर लागते आणि हिशेब फाइलीत राहतो.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो. सगळं उघडं केलं तर खालच्या कर्मचाऱ्याच्या मागे चौकशी लागेल. मला याच्या नेमकं उलट वाटतं. प्रयोगाच्या दिवशी सरकारी कर्मचारी दोन ओढींच्या मध्ये उभा असतो: वजन कमी यावं असं गावाला वाटतं, जास्त यावं असं कंपनीला. नोंद बंद असते तोवर दोन्हीकडचा संशय त्याच्या माथी बसतो. त्याच संध्याकाळी वजन सगळ्यांसमोर गेलं, तर उद्या कुणी आकडा फिरवला तरी बोट त्याच्याकडे जाणार नाही. अट एवढीच की चूक सापडणं हा गुन्हा मानायचा नाही. चूक कुणी दाखवली, कधी दुरुस्त झाली, आधीचा आकडा काय होता, हे नोंदवून पुढे जायचं. विज्ञान असंच पुढे जातं आणि प्रशासनालाही तसं जाता येईल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार कुणी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करणं हे सरकारी कार्यालयांचं कर्तव्यच आहे. म्हणून मागणी नेमकी करू या. प्रत्येक मंडळातल्या प्रत्येक अधिसूचित पिकाच्या कापणी प्रयोगांच्या मूळ ओळी, म्हणजे गाव, तारीख, चौकोनाचं माप, वजन आणि कपाशी असेल तर वेचणीनिहाय वजन, भरपाई ठरण्याआधी ग्रामपंचायतीत लावाव्यात आणि संगणकाला वाचता येईल अशा फाइलमध्येही द्याव्यात. उंबरठा उत्पादन कसं काढलं ती स्क्रिप्ट सोबत असावी. हरकतीसाठी ठरावीक दिवस असावेत आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळावं. विद्यापीठांनी आणि आम्ही संशोधकांनीही तोच नियम स्वतःला लावावा. ज्या गावांतून माहिती घेतली, त्या गावांना निष्कर्षाबरोबर, नावं वगळून, तक्ते आणि हिशेबही मराठीत परत द्यावेत. कास्तकाराच्या “हा आकडा कुठून काढला?” या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत. ज्या संशोधनाला ते उत्तर देता येत नाही, त्याचं काम अजून पुरं झालेलं नाही.