साक्ष स्वतःविरुद्ध जात असली तरी



जुम्म्याच्या खुत्ब्यात, ईदच्या मैदानावर, शेजाऱ्यांना इस्लामचा परिचय करून देणाऱ्या सभांमध्ये एक वाक्य आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो : इस्लाममध्ये जातपात नाही. वाक्य खरे आहे. परंतु ते कोणत्या अर्थाने खरे आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आणि तो न केल्यामुळे आपल्याच उम्मतीतील सर्वांत दुबळ्या घराला काय किंमत मोजावी लागते, हे तर आपल्या गावीही नसते.

पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसाच्या १३५व्या आयतीत अल्लाह श्रद्धावंतांना न्यायावर खंबीरपणे उभे राहण्याची आणि अल्लाहसाठी साक्षीदार होण्याची आज्ञा देतो. ही साक्ष स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध गेली तरी ती द्यावयाची आहे. समोरचा श्रीमंत आहे की गरीब, हेही पाहावयाचे नाही. मनाच्या ओढीमागे जाऊन न्याय सोडू नये, शब्द फिरवू नयेत, साक्ष टाळू नये, असे तिथेच बजावले आहे. आपण ही आयत न्यायालयातील खटल्यांपुरती समजतो. वास्तविक समाज म्हणून आपण जे बोलतो, तीही साक्षच असते. राज्यसंस्था ती ऐकते, नोंदवते आणि तिच्यावर कायदा उभा करते.

हा विषय आपल्या पुण्याला परका नाही. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात जो करार झाला, त्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या राखीव जागांचा प्रश्न देशाच्या राज्यघटनेच्या वाटेवर आणून ठेवला. पुढे स्वतंत्र भारताच्या संविधानात अनुच्छेद ३४१ आला. कोणत्या जाती अनुसूचित मानावयाच्या हे ठरविण्याचा अधिकार त्याने राष्ट्रपतींना दिला. त्यानुसार १० ऑगस्ट १९५० रोजी जो आदेश निघाला, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी अट आहे की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये या अटीतून शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना वगळण्यात आले. मुसलमान आणि ख्रिस्ती मात्र आजही या दाराबाहेर उभे आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. पिढ्यान्पिढ्या मैला वाहणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, मेलेल्या जनावरांची कातडी सोलणाऱ्या दोन कुटुंबांची घरे एकाच गल्लीत आहेत. काम एक, गटार एक, लोकांच्या नजरेतला तिरस्कारही एक. त्यांतील एका घराने कधीकाळी कलमा पढला. त्या घराच्या मुलाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही, आणि कोणी जातीवरून त्याला शिवी देऊन मारहाण केली तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. अनुच्छेद २५ त्याला श्रद्धेचे स्वातंत्र्य देतो आणि १९५०चा आदेश त्या स्वातंत्र्याची किंमत वसूल करतो.

या वगळण्यामागे जो तर्क दिला जातो, तो नीट ऐका. तर्क असा की, अस्पृश्यता हा हिंदू समाजरचनेचा दोष आहे. इस्लाममध्ये जात नाही, म्हणून मुसलमान झालेल्याला जातीचा जाच उरत नाही. हे तर आपलेच वाक्य झाले! मिंबरवर आपण जे अभिमानाने बोललो, तेच सरकारी कागदावर आपल्याच गरीब भावाविरुद्ध वापरले गेले.

येथे एक प्रश्न कोणत्याही सुबुद्ध माणसाला पडेल. शीख पंथही जन्माधारित उच्चनीचता मानत नाही. बौद्ध धम्म तर त्याहून स्पष्ट आहे. १९५६ साली नागपुरात लक्षावधी लोकांनी जे सोडले, ते जातीसाठीच सोडले. तरीही त्या दोन्ही धर्मांच्या बाबतीत शासनाने हे मान्य केले की, शिकवण एक असते आणि समाजाचे वागणे दुसरे. दीक्षा घेतल्याने शेजारी बदलत नाहीत. मग हीच समज आपल्या बाबतीत का नाही? १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सूसाई नावाच्या एका ख्रिस्ती चर्मकाराचा खटला आला. नव्या धर्मातही जातीमुळे येणारे अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकून आहे हे दाखवून द्यावे लागेल, असे न्यायालयाचे म्हणणे पडले, आणि तेवढा पुरावा समोर नसल्याने याचिका फेटाळली गेली. म्हणजे गाडी अडली ती पुराव्यावर. हा पुरावा कोण देणार? मशिदीतला, मोहल्ल्यातला, निकाहाच्या बैठकीतला व्यवहार ज्यांना ठाऊक आहे, तेच ना?

कायद्याला मुसलमानांतील जमाती दिसतच नाहीत, असेही नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे मुंबई इलाख्यात त्याच कायद्याखाली छप्परबंद या मुसलमान जमातीवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंदांचे नाव आहे आणि त्यांना सवलतीही आहेत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. त्याचप्रमाणे १९९२च्या मंडल निकालानंतर आणि महाराष्ट्रातील मुस्लिम ओबीसी चळवळीच्या प्रयत्नांमुळे आपल्या अनेक बिरादऱ्यांचा इतर मागासवर्गांच्या यादीत समावेश झाला. मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी अशा घरांतील मुलांनी त्या दाखल्यांवर शिक्षण घेतले, नोकऱ्या मिळवल्या. तेव्हा कोणी असे म्हटले नाही की, दाखला घेतल्याने इस्लामला बाधा येते. केवळ सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाचा प्रश्न आला की आपल्याला धर्माची शान आठवते.

आता आपली साक्ष. पुण्यातील कोणत्याही निकाह-मेळाव्याची परिचयपुस्तिका उघडून पाहा. शिक्षण, उंची, पगार, आणि मग बिरादरी. काही ठिकाणी ‘सय्यद वा पठाण स्थळास प्राधान्य’ असे सरळ छापलेले असते. काही ठिकाणी छापत नाहीत, फोनवर विचारतात. गंज पेठेतील मोमीनपुरा आपण सारे जाणतो. ‘मोमीन’ म्हणजे ईमान असलेला. विणकरांनी जुलाहा हे हिणवणारे नाव टाकून हे नाव का घेतले असेल, याचा विचार करा. ज्या उम्मतीत प्रत्येक जण मोमीन असायला हवा, तेथे एका कष्टकरी समाजाला आपण मोमीन आहोत हे नावानेच सांगावे लागले! आणि जे मैला वाहत, त्यांना आपण ‘हलालखोर’ म्हटले. शब्द किती सुंदर, हलालची भाकर खाणारा. पण तो ज्या स्वरात उच्चारला जातो तो स्वर सर्वांना ठाऊक आहे. याच गंज पेठेत, मोमीनपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आपल्या मशिदीचा हौद तर पहिल्यापासून सर्वांना खुला आहे, सफमध्ये खांद्याला खांदा लागतो, हे अल्लाहचे मोठे उपकार आहेत. परंतु सलाम फिरवून माणूस दाराबाहेर आला, चपला पायात घातल्या, की पुढे काय?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहवासातील हजरत अबू जर (र.) यांचा प्रसंग सहीह बुखारीत आहे. अबू जर यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. काही वृत्तांतांनुसार ते हजरत बिलाल (र.) होते आणि टोमणा त्यांच्या आईच्या काळ्या रंगावरून होता. प्रेषितांनी (स.) अबू जर यांना सुनावले की, त्यांच्यात अजून जाहिलियतचा अंश शिल्लक आहे. हे लक्षात घ्या : अबू जर हे अगदी प्रारंभीच्या मुसलमानांपैकी एक. त्यांच्या ईमानाबद्दल शंका नव्हती. तरीही प्रेषितांनी असे म्हटले नाही की, इस्लाममध्ये वर्णभेद नाही, म्हणून तू वर्णभेद केला असणे शक्य नाही. दोष पाहिला आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली. पुढे अनेक वर्षांनी रबजा येथे कोणी अबू जर यांना पाहिले, तर त्यांच्या अंगावर जी चादर होती तशीच त्यांच्या गुलामाच्या अंगावर होती. कारण विचारले तेव्हा त्यांनी स्वतःच्या त्या चुकीची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. आज ती हदीस आपल्यापर्यंत पोहोचली आहे, ती एका माणसाने स्वतःविरुद्ध साक्ष दिली म्हणून.

निकाहाच्या बाबतीतही प्रेषितांचा (स.) कल स्पष्ट आहे. फातिमा बिन्ते कैस (र.) या कुरैश घराण्यातील. त्यांना मागणी घालणाऱ्यांत कुरैशचे नामांकित पुरुष होते. प्रेषितांनी सुचवले ते उसामा बिन जैद (र.) यांचे नाव, म्हणजे मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा. फातिमांना प्रथम ते रुचले नाही. नंतर त्यांनी होकार दिला आणि त्या संसारात सुखी झाल्या. आपल्याकडे या विषयावर बोलले की लगेच ‘कुफू’चा दाखला दिला जातो. हनफी फिक्हच्या ग्रंथांत वंश आणि व्यवसाय यांचा कुफूमध्ये विचार झालेला आहे, हे खरे, इमाम मालिक (रह.) यांनी मात्र दीनदारीलाच महत्त्व दिले, हेही तितकेच खरे. फकीहांपुढे प्रश्न होता तो जोडप्याचा संसार निभण्याचा, एखादी जमात कायमची नीच ठरविण्याचा नव्हे. जो मनुष्य नमाज, व्याज आणि वारसाहक्क यांबाबत कधी फिक्हचे पान उलटत नाही, त्याला मुलीच्या लग्नाच्या वेळी तेवढे एकच प्रकरण तोंडपाठ असते, याचे मला नेहमी नवल वाटते.

हा रोग केवळ शेजारच्या समाजातून आला, असे म्हणून सुटका करून घेऊ नये. सत्तेला जन्माची उतरंड नेहमीच सोयीची असते, मग सत्ता कलमा पढणाऱ्यांची का असेना. चौदाव्या शतकात दिल्लीच्या जियाउद्दीन बरनीने ‘फतावा-ए-जहाँदारी’मध्ये हलक्या कुळातील लोकांना फार शिकवू नये, असा सल्ला राजांना दिला. आपल्या दख्खनचेच पाहा. मलिक अंबर हबश देशातून गुलाम म्हणून विकले गेले आणि निजामशाहीचे कर्तेधर्ते झाले. पुणे जिल्ह्यातील जुन्नर काही काळ त्यांच्या राज्यकारभाराची राजधानी होती, खडकीच्या नहरीसाठी आजही त्यांचे नाव घेतले जाते. १६२६ मध्ये ते वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे. रणात त्यांना नमवता येईना, तेव्हा जहाँगीर बादशाहाने आपल्या आत्मवृत्तात त्यांच्या काळ्या तोंडाचा उद्धार केला आणि दरबारी चित्रकाराकडून त्यांच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत असल्याचे चित्र काढून घेतले. दोघेही एकाच किब्ल्याकडे तोंड करीत होते. मलिक अंबरांचे नाव आपण सभांतून इस्लामी समतेचा पुरावा म्हणून घेतो. ते घ्यावे; पण जहाँगीराची ती ओळही त्याच पुराव्यात धरावी लागेल.

काही सज्जन विचारतील की, हे उघडपणे बोलल्याने दीनची बदनामी होणार नाही का? सूरह अल-हुजुरातच्या १३व्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की, सर्व माणसे एका पुरुष-स्त्रीपासून निर्माण झाली, कुळे आणि जमाती परस्पर ओळखीसाठी आहेत, आणि अल्लाहपाशी सर्वांत प्रतिष्ठित तोच जो सर्वांत अधिक तक्वा बाळगतो. ही आपल्याला दिलेली आज्ञा आहे. आपण ती पाळल्याचा दाखला नव्हे. आज्ञा खरी आहे, हे सांगण्यासाठी आपण ती पाळतो असे खोटे सांगण्याची गरज नाही. उलट ‘आमच्यात जात नाही’ या खोट्या दाखल्याने दीनची शान वाढत नाही. एका गरीब मुलाची फी तेवढी बुडते.

सच्चर समितीने २००६ मध्ये मुसलमानांतील अशराफ, अजलाफ आणि अरजाल या थरांची नोंद केली. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये १९५०च्या आदेशातील तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी मात्र वेगळे मत नोंदवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. अंतिम निर्णय न्यायालय आणि संसद घेतील. तो आपल्या हातात नाही. पण विचारणाऱ्याला खरे उत्तर देणे हे आपल्या हातात आहे.

आणि विचारणारा आता दारातच येणार आहे. जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सर्व जातींची अशी मोजणी १९३१ नंतर प्रथमच होणार असून लोकांची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्या वेळी पुष्कळ घरांतून केवळ ‘शेख’ एवढेच सांगितले जाईल. ज्यांचे आजोबा झाडू मारीत होते ते लाजेने सांगतील, आणि ज्यांचे नव्हते ते ‘जातीचा प्रश्न आम्हाला विचारूच नका’ अशा तोऱ्यात सांगतील. मशिदीच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की, त्याआधीच्या दोन-तीन जुम्म्यांना नमाजनंतर पाच मिनिटे या विषयासाठी ठेवावीत. मोहल्ल्यातील दोन शिकलेली मुले-मुली ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा घरी पाठवावीत. त्या घरातील वृद्ध माता आपल्या बिरादरीचे जे नाव सांगेल, ते दुरुस्त न करता, सौम्य न करता, जसेच्या तसे लिहिले जाते आहे का, एवढे पाहावे. आणि तिने ते सांगितल्यावर तिच्या घरचा चहा तिथेच बसून प्यावा.