*फूल कोणाचं, पूजा कोणाची?* 🌼




चैत्र लागतोय. माळव्यात पळस फुलून गेला, कडुनिंबाला फुलोरा आलाय, मोगरा कळ्यांवर आहे. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत घरोघरी फुलं लागणार. दरवर्षी याच दिवसांत आमच्या महिला सत्संगात एक प्रश्न निघतो. सकाळी फिरायला जाताना दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं देवासाठी तोडली, तर ती चोरी का?

काही ताई म्हणतात, “अहो, झाड देवाचं, फूल देवाचं, वाहिलंही देवालाच. यात चोरी कसली?”

म्हणणं खोटं नाही. पण सगळंच देवाचं असेल, तर आपण त्याला देतो तरी काय? आपले कष्ट आणि आपण सोडलेला मोह, एवढंच ना आपलं?

मोगऱ्याचंच बघा. त्याला फूल येतं ते नव्या फुटीवर. म्हणून थंडी ओसरू लागली की छाटणी करायची, जुनी पानं काढायची, काही दिवस पाणी कमी करायचं. मग माती मोकळी करून शेणखत घालायचं नि पुन्हा पाणी सुरू करायचं. तेव्हा कुठे चैत्रात कळी दिसते. जास्वंदीचंही तसंच, फूल नव्या फांदीच्या टोकाला. म्हणजे त्या एका फुलामागे कुणाचे तरी दोन महिने आहेत. ते न विचारता तोडून आपण वाहिलं, तर पूजा त्यांची झाली, ताम्हण फक्त आपलं!

“फांदी रस्त्यावर आली होती,” असंही म्हणतात. फांदी बाहेर असली तरी मूळ आत आहे, आणि पाणी घालणारा हातही आतलाच.

मग ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी काय करावं? तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाग कुठून आणणार, आणि सणाला फुलं किती महाग! गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी सगळं एकाच रांगेत बसवलंय. कुंडीतल्या तुळशीचं एक पान, चार अक्षता पुरतात. आणि दारावरची बेल वाजवून “काकू, दोन फुलं घेऊ का?” विचारायला पैसे लागत नाहीत. विचारून घेतलेल्या फुलात दोन घरांची पूजा होते.

बाग असणाऱ्यांचंही कर्तव्य आहे बरं का! कुणी फूल तोडताना दिसलं की आरडाओरडा करून आपल्याच सकाळची शांती का घालवावी? फाटकाला एक परडी अडकवा, सकाळी त्यात मूठभर फुलं ठेवा. माझं-माझं तिथेच थोडं सुटतं.

*या चैत्राचा संकल्प:*
🌿 विचारल्याशिवाय एकही फूल तोडायचं नाही.
🌿 झाड ओरबाडायचं नाही, मधमाशीचा वाटा ठेवायचा.
🌿 आळ्यात पालापाचोळा पसरायचा, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते.
🌿 पक्ष्यांसाठी परळात पाणी ठेवायचं.

मुलांनाही हे वाचून दाखवा. त्यांचं मत काय, ते रविवारच्या सत्संगात ऐकूया.

सेवेत,
महिला सत्संगाच्या सेविका, इंदूर 🙏