आपला चेहरा, आपला कुंचला

गडचांदूर असो की नागपूर, लग्नाच्या फोटोत सावळी नवरी उजळ करून देतात. तिला रूप दिले, की तिचे हिरावून घेतले? केरी जेम्स मार्शल या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने १९८० साली आत्मचित्र रंगविले, ते निखळ काळे! ज्या काळेपणाची टवाळी होई, तोच त्याने उचलला.

रंगाचे तेच जातीचे. नागपुरात १९६१ साली जन्मलेल्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके अडकविलेला अस्पृश्य रंगविला. आपलीच मानहानी भिंतीवर का टांगावी, असे कोणी विचारील. परक्याने रंगविली तर ती फार तर दया होते. भोगणाऱ्याच्या हाती कुंचला आला, की तीच साक्ष होते. सुंदर दिसण्याआधी माणसाला स्वतःसारखे दिसता आले पाहिजे.