पडद्यावरचा राम आणि साळुंके यांचा देह

देवतेची प्रतिमा नेमकी कशामुळे पूज्य ठरते, हा मूर्तिपूजेच्या विचारातला जुना प्रश्न मूकपटांच्या काळात अनपेक्षित रूपाने पुढे आला आणि त्याचे सर्वांत अवघड रूप अण्णा साळुंके या नटाच्या कामात दिसते. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या 'लंकादहन' या चित्रपटात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतली पादत्राणे काढून ठेवीत, असे सांगितले जाते. हे वंदन कोणाला होते, हा प्रश्न केवळ भाबडेपणाचा दाखला म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही.

साळुंके हे मुंबईत ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात कामाला होते. 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीच्या भूमिकेला कोणतीही स्त्री तयार होईना, तेव्हा त्यांची सडपातळ अंगलट आणि नाजूक बोटे फाळके यांच्या नजरेत भरली आणि महिना दहा रुपयांच्या जागी पंधरा रुपये देऊ करून त्यांनी साळुंके यांना आपल्याकडे आणले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांसमोर आला. वडील हयात असताना मिशी उतरवणे ज्या समाजात अशुभ मानले जाई, त्या समाजात पुरुषाने स्त्रीरूप घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहणे ही किरकोळ गोष्ट नव्हती.

मूर्तीच्या बाबतीत शास्त्राची व्यवस्था स्पष्ट आहे: प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रपूर्वक देवतेचे आवाहन करून तिचे सान्निध्य स्थापन करणे, हा विधी झाल्यावर पाषाण पूज्य होतो, आणि पार्थिव मूर्तीचे विसर्जन झाले की ते सान्निध्य संपते. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम होणाऱ्या मुलाला 'स्वरूप' म्हणतात आणि त्याची आरती केली जाते; तिथेही मुकुट, विधी आणि प्रत्यक्ष उपस्थित असलेला देह यांचा आधार असतो. चित्रपटगृहात यांपैकी काहीच नसते. आवाहन झालेले नसते, विसर्जनाची सोय नसते आणि ज्या देहाने राम उभा केला तो देहही तिथे नसतो, कारण कापडावर पडतो तो फक्त प्रकाश, आणि त्याच घटकेला साळुंके दुसरीकडे कुठे जेवायला बसलेले असू शकतात.

रसशास्त्राने या पेचाचा काही भाग सोडवला आहे. काश्मीरचा आचार्य शंकुक याने चित्रतुरगन्याय मांडला: चित्रातला घोडा पाहताना होणारे ज्ञान यथार्थही नसते आणि भ्रमही नसते, ते संशयाचे नसते आणि केवळ साम्याचेही नसते, नटाला राम म्हणून पाहणे हे त्याच जातीचे ज्ञान होय. ही उपपत्ती सूक्ष्म आहे, तरीही इथे ती अपुरी पडते, कारण तिला आस्वादाचा उलगडा करायचा आहे, आणि पादत्राणे काढणारा माणूस आस्वादापाशी न थांबता एक कृती करतो, जिच्यामागे कर्तव्याची जाणीव असते.

त्या कृतीचे समर्थन प्रतीकोपासनेच्या विचारात अधिक चांगले सापडते. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात असा निर्णय आहे की उपासनेत श्रेष्ठाची दृष्टी कनिष्ठावर ठेवावी, उलट नव्हे. शंकराचार्य त्यासाठी राजा आणि त्याचा सारथी यांचा दाखला देतात, कारण सारथ्याला राजा मानून गौरवले तर बिघडत नाही, मात्र राजाला सारथी मानणे हा त्याचा अवमान ठरतो. नैयायिकांच्या परिभाषेत अशा दृष्टीला आहार्यज्ञान म्हणता येते, म्हणजे वस्तू तशी नाही हे ठाऊक असूनही इच्छेने धारण केलेले ज्ञान. या आधारावर त्या प्रेक्षकांना भ्रमिष्ट ठरवण्याचे कारण उरत नाही. सीतेच्या वेशातही साळुंके यांचे पिळदार दंड लपत नसत आणि ते त्या काळच्या माणसांना दिसत नव्हते, असे मानणे हा त्यांच्या डोळ्यांवर अन्यायच होईल. पुरुषाचा दंड दिसत असूनही ते सीतेला पाहत होते.

राम आणि सीता एकाच देहातून प्रकटली, यावरून अद्वैताचा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो, पण तो टाळलेलाच बरा, कारण ही योजना नटांच्या टंचाईतून आणि फाळके यांच्या विश्वासातून आली होती. तिचे खरे महत्त्व वेगळे आहे: ज्या नटाला प्रेक्षकांनी राम म्हणून पाहिले, त्यालाच सीता म्हणूनही पाहिले, आणि म्हणून यांपैकी कोणतेही एक नाव त्याला कायमचे चिकटू शकले नाही. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाल्यावर अरुण गोविल यांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडले. मालिकेबाहेरही लोक त्यांच्या पाया पडू लागले, म्हणजे इच्छेने धारण केलेली दृष्टी सोडायची कधी, याचे भान सुटले आणि तिचा भार एका जिवंत माणसावर पडला. साळुंके यांच्यावर तो भार आला नाही. ते पुढे छायाचित्रणाकडे वळले आणि १९२०च्या दशकात कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून दुसऱ्यांचे देव पडद्यावर आणू लागले.