काठी कोणाची?

‘आंधळ्याची काठी’ हा प्रयोग मराठीत एकुलत्या आधारासाठी रूढ आहे. म्हातारपणी सांभाळणारा मुलगा ही आई-बापांची आंधळ्याची काठी असते. या प्रयोगात काठी म्हणजे नेहमी दुसरे माणूस. प्रत्यक्ष काठीबद्दल तो काहीच सांगत नाही. प्रत्यक्ष काठीचा विचार मॉरिस मर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : सवय झाली की अंध माणसाला हातातली काठी जाणवेनाशी होते, तिच्या टोकाशी असलेला रस्ता जाणवू लागतो. काठी वस्तू राहत नाही, ती त्याच्या शरीरात सामील होते. हे मान्य केले तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. जी वस्तू कोणाच्या शरीराचा भाग झाली आहे, ती त्याला न विचारता रातोरात बदलण्याचा अधिकार कोणाला असतो?

हा प्रश्न आज मोबाइल फोनच्या अपडेटच्या रूपाने समोर येतो. बटणांचे फोन जाऊन सपाट काचेचे आले तेव्हा अंध माणसे या व्यवहारातून बाहेर फेकली जाणार असे वाटत होते, कारण चाचपायला काही उरलेच नव्हते. घडले उलटे. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आला, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक आला. हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर. बोट उजवीकडे सरकवले की पडद्यावरची पुढची गोष्ट ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. सरावलेले लोक हा आवाज इतक्या वेगात ठेवतात की आपल्याला त्यातला एक शब्दही कळत नाही. त्या वेगात ते बँकेचे व्यवहार करतात, वर्तमानपत्र वाचतात, गाडीची तिकिटे काढतात.

पण स्क्रीन रीडरला चित्र दिसत नाही. ॲप बनवणाऱ्याने त्या चित्राला आत जे नाव दिलेले असेल, मुख्यतः तेच तो वाचतो. घराच्या चित्रामागे ‘मुख्य पान’ असे लिहिले असेल तर तो ‘मुख्य पान’ म्हणतो. काहीच लिहिले नसेल तर अनेकदा नुसते ‘बटण, लेबल नाही’ असे सांगून थांबतो. मी व्यवसायाने अनुवादक असल्यामुळे मला ही रचना ओळखीची वाटते. मूळ भाषा न येणाऱ्या वाचकाला माझे भाषांतर ताडून पाहता येत नाही. मी एखादे वाक्य गाळले तर ते गाळले आहे हेही त्याला कळत नाही. ज्याला ताडून पाहता येत नाही त्याच्याशी असलेली बांधिलकी जास्त कडक असते, असे मी मानत आले आहे. बटणाला नाव देणारा प्रोग्रॅमरही अशाच वाचकासाठी भाषांतर करत असतो. फरक एवढाच, की माझे पुस्तक छापून झाले की ते वाचकाच्या हातात बदलत नाही. त्याचे पुस्तक दर पंधरवड्याला बदलते.

माझ्या अनुवादांचे पहिले श्रोते असलेले एक स्नेही जन्मांध आहेत. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी तीस वर्षे काढली. गेल्या वर्षी पैसे पाठवण्याचे त्यांचे नेहमीचे ॲप अपडेट झाले. रंग बदलले, बटणे गोल झाली आणि त्या भरात शेवटच्या पानावरच्या दोन बटणांची नावे गेली. त्यांतले एक ‘पाठवा’ आणि दुसरे ‘रद्द करा’ असणार, हे त्यांना माहीत होते. कोणते कुठले हे माहीत नव्हते आणि पैशांच्या बाबतीत अंदाजाने टिचकी मारायला ते तयार नव्हते. तीन आठवडे ते किराणा दुकानातल्या मुलाच्या हातात फोन देत आणि त्याच्या कानात पिन सांगत. पुढच्या अपडेटमध्ये नावे परत आली. सोबतच्या टिपेत ‘किरकोळ दुरुस्त्या’ असे लिहिले होते. मुलगा भला होता, एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. तरीही ते मला म्हणाले, “ताई, पैसे गेले नाहीत हो. पण या वयात माझी पिन पुन्हा दुसऱ्याच्या तोंडी गेली.”

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. सॉफ्टवेअर बदलावेच लागते. जुन्या आवृत्तीतल्या फटींतून चोर शिरतात. शिवाय बटणे इकडची तिकडे झाली की डोळसांचीही चिडचिड होते, मग अंधांनी वेगळी तक्रार का करावी? पण डोळस माणूस एका नजरेत सगळे पान घेतो आणि हरवलेले बटण शोधतो. ऐकणारा एकामागून एक गोष्टींवरून जातो. सातव्या जागी असलेले बटण अकराव्या जागी गेले, मध्येच एक जाहिरात शिरली, तर त्याच्या बोटांतला नकाशाच खोटा ठरतो. कधी अपडेटनंतर स्क्रीन रीडरच गप्प होतो. तो सुरू करायला सेटिंग उघडावी लागली, तर सेटिंग वाचायला तो सुरू असावा लागतो. मागची आवृत्ती परत घ्यावी म्हटले तर आयफोनवर ती वाट थोड्याच दिवसांत बंद होते. म्हणून जाणती अंध मंडळी नवी आवृत्ती आली की थांबतात, कोणीतरी आधी घेऊन काय मोडले ते सांगेल याची वाट पाहतात. सुरक्षेच्या युक्तिवादाला तर आणखी एक पीळ आहे. स्क्रीन रीडरला पडदा वाचू देणारी अँड्रॉइडमधली जी सोय आहे, तिचाच गैरवापर करून चोर लोकांचे पासवर्ड वाचतात. त्यावर काही ॲपनी सोपा उपाय केला : ती सोय वापरणाऱ्यावर संशय घ्यायचा. चोराला अडवण्यासाठी लावलेल्या कडीने घरातलाच माणूस बाहेर राहतो.

असाच बदल आपण कागदावरही पाहिला आहे. २०१६ पूर्वी शंभर, पाचशे आणि हजाराच्या नोटांच्या लांबीत दहा-दहा मिलिमीटरचा फरक होता आणि अंधांची बोटे तो ओळखत. नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांत चार-चार मिलिमीटरचाच फरक उरला. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारे ‘मनी’ नावाचे ॲप आणले. उपाय उपयोगी आहे, नाकारण्यासारखा नाही. पण बोटांची ओळख काढून घेतली गेली आणि तिच्या जागी फोन आला. तो फोनही आता दर महिन्याला बदलणार.

कायदा अंधांच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. खटल्याचा विषय होता केवायसी. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिटून-उघडून दाखवायचे, हे ज्यांना शक्य नाही त्यांनी न्याय मागितला होता. हे सगळे मोलाचे आहे. पण निकष लावताना आपल्या मनात इमारतीचा उतार असतो : एकदा बांधला, तपासला, शिक्का मारला. ॲप तसे नसते. आज तपासून प्रमाणपत्र दिलेले ॲप उद्या सकाळी वेगळे असते. म्हणून सुगम्यता हा वस्तूचा गुण मानणे अपुरे आहे. ते काळावर पसरलेले वचन आहे आणि प्रत्येक अपडेट त्या वचनाची नवी परीक्षा असते.

वचन पाळायचे म्हणजे बदलायचे नाही, असे नव्हे. २०२१ मध्ये टॉकबॅकने मेनू उघडण्यासाठी तीन बोटांची नवी खूण आणली, तेव्हा बोट खाली आणि मग उजवीकडे नेण्याची जुनी खूणही चालू ठेवली. ज्याला शिकायचे त्याने शिकावे, ज्याची बोटे सरावलेली आहेत त्याची मोडू नयेत. माझे स्नेही सांगतात, बँकेत टेलिफोनचा नवा बोर्ड आला तेव्हा कंपनीचा माणूस दोन दिवस त्यांच्या शेजारी बसला होता. यंत्र तेव्हाही बदलले, पण ज्याच्या हाताखालचे बदलले त्याला हिशेबात धरून. आज करोडो फोनशेजारी माणूस बसवता येणार नाही, हे खरे. पण नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी ती डोळे मिटून एकदा शेवटच्या बटणापर्यंत चालवून पाहता येते. नाव नसलेले बटण सापडले तर ते अपडेट अडवता येते, जसे आपण पैसे चुकीच्या खात्यात नेणारे अपडेट अडवू. तसे होत नाही, कारण पहिल्या चुकीला आपण दोष म्हणतो आणि दुसरीला किरकोळ.

‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात मागणारा आणि देणारा हे नाते कायमचे ठरून गेलेले आहे. फोन विकत घेणारा अंध माणूस काही मागत नाही, त्याने डोळसाइतकीच किंमत मोजलेली असते. त्याची अपेक्षा एवढीच, की काल संध्याकाळी ज्या जागी काठी ठेवली होती, त्या जागी ती सकाळी हाताला लागावी, आणि ती कोणी हलवणार असेल तर त्याने आधी सांगावे.