लपणें आणि बुडविणें

लपणें हें सर्वदा पापच आहे काय? पॅसिफिक महासागरांतील न्यू कॅलेडोनिया येथें १९६९ सालीं जॉर्ज बार्जिबां नांवाच्या गृहस्थानें मत्स्यालयासाठीं पंख्याच्या आकाराचें एक प्रवाळ काढिलें. तें न्याहाळतां त्यावर इवलासा जिवंत समुद्रघोडा दिसला! लांबी अडीच सेंटिमीटरांहूनही कमी. अंगावरील गांठी प्रवाळाच्या मिटलेल्या तोंडांसारख्या. करड्या फांदीवर तांबूस, पिवळ्या फांदीवर नारिंगी. शेपटीनें फांदी धरून तो तेथेंच आयुष्य कंठितो.

ह्या जीवास कपटी म्हणावें काय? नाहीं. रंगाची निवड त्यानें विचारपूर्वक केलेली नाहीं. आणि दुर्बळानें भक्षकापासून दडणें हा आम्ही दोष मानीत नाहीं.

परंतु मनुष्यास विचार आहे. सावकाराच्या ओटीवर एक रंग व गरीब शेजाऱ्याच्या दारीं दुसरा, असें जो करितो तो जीव वांचवीत नाहीं, लाभ साधितो. खोटा कागद होत असतां साक्षीदार गप्प राहतो. त्यास भय आहे, हें आम्ही जाणतों. तथापि त्याच्या मौनानें विधवेचें शेत जातें.

प्रिय वाचकहो, आपलें लपणें केवळ आपणांस राखितें, कीं दुसऱ्यास बुडवितें, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.