साधनांचा मोह आणि कामाचे समाधान

गेल्या भाद्रपदातील गोष्ट. रात्रीची आरती आटोपून मंडळी घरोघर गेली होती व आम्ही देवळाच्या ओसरीवर प्रसादाचे उरलेले द्रोण आवरीत होतो. इतक्यात आपल्या सभासद कुटुंबांपैकीच एक तरुण येऊन खांबाला टेकून बसला. बंगळुरास एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरीस आहे. वयाने आमच्याहून चार-पाच वर्षांनी वडील, म्हणून आम्ही त्यास दादा म्हणतो. पगार चांगला, घरचे सर्व ठीक, तेव्हा त्याच्या तोंडून तक्रार निघेल असे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. आमच्या वडिलांकडे पाहून तो म्हणाला, "गुरुजी, हल्ली काम पूर्वीपेक्षा लवकर उरकते. पण संध्याकाळी आज आपण काय केले असे स्वतःला विचारले, तर उत्तर सापडत नाही."

वडिलांनी एवढेच विचारले, "हत्यार बदलले काय?"

हत्यार खरोखरच बदलले होते. आठ वर्षे हा मनुष्य प्रोग्रॅम लिहीत आला तो ओळ न् ओळ स्वतःच्या बोटांनी. लिहिण्याचे जे साधन, म्हणजे संपादक-प्रणाली, ती त्याने आपल्या हाताला बसेल अशी थोडी थोडी बदलून घेतली होती. आता कंपनीने असे यंत्र दिले आहे की काय हवे ते साध्या भाषेत सांगितले म्हणजे प्रोग्रॅमचा मजकूर ते स्वतःच लिहून पुढे ठेवते. याचे काम उरले ते वाचून मान डोलाविण्याचे अथवा हलविण्याचे. त्याचा प्रश्न असा की, यंत्र नाकारावे तर आपण केवळ जुन्या हत्याराच्या मोहात पडलो असे होईल काय? आणि स्वीकारावे तर या कामात आपले असे काय राहील?

आमचे शिक्षण हायस्कुलापर्यंतचे. संगणकशास्त्रावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु हा प्रश्न संगणकाचा आहे असे आम्हांस वाटलेच नाही. फळाच्या आसक्तीविषयी आपण कीर्तनांतून व प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. साधनाच्या आसक्तीविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वास्तविक गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत कर्त्याबरोबर करण, म्हणजे साधन, यासही स्थान दिलेले आहे. साधन ही क्षुल्लक वस्तू नव्हे. आपल्या उद्यमबागेत लेथवर काम करणारे जे सभासद आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको. चांगला टर्नर आपले टूल दुसऱ्याच्या हाती देत नाही, ग्राइंडरवर धार स्वतःच लावतो. पण दिवसभर धारच लावीत बसला तर जॉब उतरणार केव्हा, हेही त्यास ठाऊक असते.

त्या रात्रीनंतर आम्ही दादाकडूनच मागून घेऊन या धंद्यातील थोर माणसांची चरित्रे वाचली. त्यांतील एकाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक डोनाल्ड क्नुथ यांचा जन्म १९३८ सालचा. प्रोग्रॅम लिहिण्याच्या कलेवर अनेक खंडांचा ग्रंथ रचण्याचे त्यांनी तरुणपणीच हाती घेतले. पहिला खंड १९६८ साली, दुसरा १९६९ साली व तिसरा १९७३ साली निघाला. हे खंड शिशाचे खिळे ओतून जुळविण्याच्या जुन्या पद्धतीने छापले होते आणि पाने देखणी होती. पुढे दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची तो छापखान्यांनी खिळे टाकून फोटोच्या पद्धतीने अक्षरे जुळविण्यास आरंभ केला होता. १९७७ साली कच्ची मुद्रिते हाती आली ती पाहून क्नुथ खिन्न झाले. मजकुरात चूक नव्हती. पण गणिताची चिन्हे व अक्षरे त्यांच्या डोळ्यांस बोचू लागली. आपल्या जुन्या पिढीतील ज्यांनी छापखान्यात खिळे जुळविणारा जुळारी पाहिला आहे, त्यांस ही बोच समजेल.

आता येथे मनुष्याने काय करावे? प्रकाशकास चार कडक पत्रे लिहावीत व पुढील खंडास लागावे, हा व्यवहार झाला. क्नुथ यांनी चौथा खंड बाजूस ठेवला आणि पाने जुळविणारा प्रोग्रॅम स्वतःच लिहावयास घेतला. त्याचे नाव 'टेक'. १९७८ सालच्या रजेत हे काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे दहा वर्षे गेली. अक्षरांचे वळण ठरविणारा 'मेटाफाँट' नावाचा दुसरा प्रोग्रॅम लिहावा लागला. पहिला 'टेक' मनास येईना म्हणून तो मुळापासून पुन्हा लिहिला. हे सर्व १९८६ साली पाच पुस्तकांत छापले गेले. चौथ्या खंडाचा पहिला भाग वाचकांच्या हाती पडला तो २०११ साली, दुसरा २०२२ साली.

धार लावण्यात दहा वर्षे! आमचे प्रथम मत प्रतिकूलच झाले. ग्रंथ लिहावयास बसलेला मनुष्य लेखणी घडवीत बसला आणि वाचक ताटकळले, यास आपण मोह नाही तर काय म्हणावे? जगभरच्या गणितज्ञांनी पुढे 'टेक' आपलासा केला. १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या फ्रान्स व्हेल्थुइस यांनी तो देवनागरीसाठी उपयोगी पडेल अशी जोडणी केली, आणि त्यामुळे संस्कृत अभ्यासकांची सोय झाली. उपकार मोठे खरे. पण निर्णयाचा न्याय पुढे झालेल्या फायद्यावरून करणे आम्हांस पटत नाही. १९७७ साली क्नुथ यांस यांतील काहीच ठाऊक नव्हते. कोणासही तो प्रोग्रॅम उपयोगी पडला नसता, तर त्यांचे वागणे चूक ठरले असते काय?

यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आमचे मत बदलले ते दोन गोष्टींमुळे.

एक म्हणजे, त्यांनी आपल्या चुकांची वही ठेवली. प्रोग्रॅम लिहिताना व पुढे दहा वर्षे दुरुस्त करताना ज्या चुका निघाल्या, त्या साडेआठशेहून अधिक चुकांची जंत्री त्यांनी १९८९ साली स्वतः प्रसिद्ध केली. जो नवी चूक दाखवील त्यास बक्षीस लावले. पुस्तकातील चुकीस २ डॉलर ५६ सेंट. २५६ हा संगणकवाल्यांचा गोल आकडा, आपल्या १०१ सारखा म्हणा ना. (पुष्कळांनी तो धनादेश वटविला नाही, चौकटीत घालून भिंतीवर लावला.) केवळ हत्यार कुरवाळीत बसणारा मनुष्य आपल्या हत्यारातील व्यंगे शोधण्यासाठी परक्यास पैसे देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ते थांबले. १९९० च्या सुमारास त्यांनी जाहीर केले की यापुढे 'टेक'मध्ये नवी सोय घालावयाची नाही, चुका तेवढ्या दुरुस्त होतील. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक वर्तुळाच्या 'पाय' या संख्येकडे एकेक अंकाने सरकतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ येथे पोहोचला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक 'पाय' हाच करावा व मग उरलेल्या चुकांस कोणी हात लावू नये, अशी त्यांची इच्छा आहे. त्याच १९९० सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून त्यांनी ई-मेल सोडली व ते ग्रंथाकडे वळले. आणखी एक नवल असे की, ज्याने छपाईचे एवढे यंत्र घडविले तो मनुष्य पहिला खर्डा अजून कागदावर पेन्सिलीनेच लिहितो.

पेन्सिलीची ही बाब आम्ही दादास पत्राने कळविली. त्याने उत्तरी लिहिले की, क्नुथ प्राध्यापक आहेत, त्यांस वरिष्ठ नाही, मला आहे. हे म्हणणे खोटे नव्हे. स्वतःचे हत्यार निवडण्याचे स्वातंत्र्य ही नोकरदारास मिळणारी वस्तू थोडीच आहे.

तथापि मोठमोठ्यांसही उसन्या हत्याराने चटका दिलेला आहे. १९९१ साली लिनक्स ही प्रणाली सुरू करणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी जगभरच्या सहकाऱ्यांचे काम एकत्र ठेवण्यासाठी २००२ साली 'बिटकीपर' नावाचे साधन पत्करले. ते दुसऱ्याच्या मालकीचे होते, आतून पाहण्यास अथवा बदलण्यास मिळत नव्हते, फक्त वापरण्यास फुकट होते. रिचर्ड स्टॉलमन यांच्यासारख्यांनी तत्त्वाचा प्रश्न काढला. टोर्व्हाल्ड्स यांचे म्हणणे, साधन उत्तम आहे एवढे मला पुरे. २००५ साली वाद होऊन फुकट वापरण्याची परवानगी गेली. तेव्हा एप्रिलच्या आरंभी त्यांनी स्वतःचे साधन लिहावयास घेतले व काही दिवसांतच ते चालू झाले. तेच 'गिट', आज दादाच्या कंपनीसह अगणित ठिकाणी चालते. आणि जुलै महिन्यात ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवून टोर्व्हाल्ड्स आपल्या मूळ कामास लागले. तीन वर्षे दुसऱ्याच्या हत्यारावर विसंबणे ही चूक होती असे आम्ही म्हणू. पण हत्यार घडवून चार महिन्यांत हातावेगळे करणे हेही सोपे नव्हे.

याच्या उलट नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार. दादा आठ वर्षे जी संपादक-प्रणाली वापरीत आला ती 'विम' यांचीच. १९९१ साली ती लोकांपुढे ठेवल्यापासून ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन होईतो ते तिच्यातच रमले. मोबदला मागितला नाही. वापरणाऱ्याने युगांडातील गरीब मुलांस साह्य करावे, इतकेच प्रोग्रॅम उघडताच लिहिलेले असे. यांस कोणी म्हणावे का, की धार लावीत बसलात, जॉब कोठे? त्यांचा जॉबच तो होता. तेव्हा थांबणे हीसुद्धा सरसकट लागू पडणारी कसोटी नव्हे, हे आम्हांस मान्य करावे लागले.

मग दादाच्या प्रश्नाचे काय? या तिघांकडे पाहून आम्हांस असे दिसते की हत्यार जुने की नवे, हाताचे की यंत्राचे, हा वाद दुय्यम आहे. कामाचा कोणता भाग आपण दुसऱ्याच्या हाती देणार नाही, हे या तिघांसही पक्के ठाऊक होते. क्नुथ यांस पानाचे रूप परक्यावर सोपविणे जमेना. उलट टोर्व्हाल्ड्स यांनी साधन सोडले, पण लिनक्समध्ये काय घ्यावे व काय नाकारावे हा शब्द सोडला नाही. दादाने मात्र आपला भाग कोणता हे ठरविण्यापूर्वीच सर्व देऊन टाकले आणि नंतर हात रिकामे का वाटतात म्हणून विचारीत बसला. यात त्याचाच दोष आहे असे नव्हे. वेगाची मागणी वरून येते, आणि घरभाड्याचे व हप्त्याचे गणित आम्हांसही कळते. अशा मनुष्यास, तुझे समाधान तूच शोध, असे ओसरीवर बसून सांगणे फार सोपे आहे.

आमच्या घरचेच पाहा. देवळात पहाटे नगारा वाजविण्यास माणूस मिळेना, तेव्हा विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र बसविले. वडिलांनी हरकत घेतली नाही. पंचांगही ते मोबाईलवर पाहतात, आणि आम्हांपेक्षा झटकन पाहतात. पण तयार गंधाची डबी कोणी आणून दिली तर ती फडताळात पडून राहते. पहाटे सहाणेवर खोड धरून ते स्वतः उगाळतात. आम्ही एकदा विचारले, एवढी यंत्रे चालतात, मग डबीनेच काय बिघडते? ते म्हणाले, "देवाचे काही बिघडत नाही रे. माझी सकाळ बिघडते." नगाऱ्याविषयी त्यांस असे का वाटत नाही, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. बहुधा त्यांच्यापाशीही ते नसावे. मात्र एक गुरव आजोबा होते, त्यांचे उलट होते. नगाऱ्याची टिपरी ते कोणास धरू देत नसत.

दिवाळीस दादा आला तेव्हा आम्ही हे सर्व त्यास सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, यंत्र मी सोडणार नाही, सोडताही येणार नाही. पण नवे लिहिण्यापेक्षा मला चालू प्रणालीत अडलेले कोठे अडले हे शोधण्यातच पहिल्यापासून गोडी होती, हे मात्र मी विसरलो होतो. आमच्याकडे एक जुना हिशेबाचा प्रोग्रॅम आहे, त्यास कोणी हात लावीत नाही. यंत्रासही तो नीट उमगत नाही. ते काम मजकडे द्यावे असा अर्ज त्याने परत गेल्यावर केला. त्यात बढतीची आशा नाही, हे त्याच्या आईस आवडलेले नाही, आणि काकूंनी त्याबद्दल आम्हांसच बोल लाविला. वरिष्ठांचे उत्तर हा मजकूर छापावयास जाईपर्यंत आलेले नाही.